गौराक्काची गोळी

गौराक्काच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: पाणी घातलेली आणि पाणी न घातलेली. गावच्या दूध डेअरीच्या ओट्यावर दहा वर्षं लॅक्टोमीटर बुडवून तिला अशी सवय जडली होती, की समोर नवा माणूस आला की आधी मनातल्या मनात त्याची डिग्री काढायची. अठ्ठावीस म्हणजे चोख दूध. त्याच्या खाली जितकं याल तितकं पाणी. तलाठी अठरा होता. शेजारच्या गावचा पुढारी तेरा, "आन् त्यो बी थंडीच्या दिसात." मी नवी मास्तरीण म्हणून एक ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीतून उतरले, तेव्हा तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पंचवीस." मला वाटलं, वयाचा अंदाज करतेय. मी म्हटलं, "नाही, तेवीस." तिला जे हसू फुटलं ते पदर तोंडाला लावूनही थांबेना. "यव्वा, सोताच दोन डिग्री कमी सांगालीया. लई परामाणिक बाई हाय."

त्याच संध्याकाळी तिच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली आणि तिथे मी पाच वर्षं राहिले. गावाचं नाव सांगत नाही. नळदुर्गहून आत गेलेल्या रस्त्यावरचं गाव आहे, आणि या गोष्टीतल्या माणसांची मुलंबाळं अजून तिथे नांदतात.

गौराक्का हाडापेराने थोराड होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात काळ्या दोऱ्याला चांदीची डबी, आणि डबीत लिंग. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जन्मभर उतरत नाही. नवरा विषमज्वराने गेल्यावर मंगळसूत्र गेलं, लिंग राहिलं. मुलगी गुलबर्ग्याकडे दिलेली. अक्का मराठीत बोलायची, पण दुधाची मापं मोजायची कानडीत, ओंदू, येरडू, मूरू, आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. पहाटे चारला उठून अंघोळ, मग डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, मग तीर्थ, आणि मगच पोटात अन्नाचा कण. त्यानंतर ती डेअरीचं कुलूप उघडायची. तिच्या कुलपाच्या आवाजावर लोक घड्याळं लावत, असं मी म्हणाले असते, पण गावात घड्याळं होती चार आणि त्यातली दोन बंद.

डेअरी तिनेच उभी केली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. कामावर वाटलेली सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. दुष्काळ उठल्यावर तिने म्हैस घेतली आणि घरोघर फिरून सभासद केले. "जवारी वर्साला एकडाव येती, दूध रोज येतंय," एवढं एकच भाषण तिला येत होतं आणि ते पुरलं. त्याआधी गावचं दूध जायचं गुरुनाथ मालकांच्या खव्याच्या भट्टीवर. मालक देतील तो भाव. डेअरी निघाल्यावर मालक शहाणे माणूस, ते डेअरीचे चेअरमनच झाले आणि अक्का सचिव. भट्टी मात्र बंद केली नाही. गावात काही बिनसलं की भट्टीचा माणूस रिकामे कॅन घेऊन डेअरीसमोर येऊन उभा राहायचा, बोलायचा काही नाही.

एकदाच डेअरी बसायला आली होती, ती मी यायच्या आधी. बौद्ध वाड्यातल्या बायका पहिल्यांदा दूध घेऊन आल्या तेव्हा अर्ध्या गावाने सांगितलं, त्यांचं दूध आमच्या कॅनमध्ये नको. अक्काने ते मापून त्याच कॅनमध्ये ओतलं. "दुधाला जात नसती, डिग्री असती," असं ती म्हणाली म्हणतात. अकरा दिवस अर्धं गाव भट्टीवर गेलं. बाराव्या दिवशी भट्टीने भाव पाडला तेव्हा सगळे परत आले. ही गोष्ट अक्का हसत हसत सांगायची, पण ते अकरा दिवस तिच्या अंगात मुरले होते. माणसं कशावरून दूध उचलून नेतील याचा नेम नाही, हे ती त्यात शिकली.

मला तिथे वर्ष होऊन गेलं असेल. एका दुपारी मी वह्या तपासत बसले होते. अक्का दारात येऊन टेकली.

"बाई, तुमी शिकल्याल्या. एक सांगा. दुकत नसल्याली गाठ चांगली का वाईट?"

"कुठे आहे?"

तिने काखेच्या खाली, छातीकडे हात नेला.

"दुखत नाही ना? मग काही नसणार," मी म्हणाले आणि पुढची वही ओढली.

हे मी लिहून ठेवतेय, कारण ते मला अजून सुटलेलं नाही. बी.ए. झालेली, शहरातली बाई म्हणाली काही नाही, म्हणून ती अडीच महिने गप्प बसली. मग मी सोलापूरला घरी गेले असताना आई कुणाकडून तरी ऐकून मला म्हणाली की दुखत नाही तीच गाठ वाईट. मी रविवारच्या गाडीने परत आले आणि सोमवारी अक्काला घेऊन सोलापूरला गेले. शाळेला कळवलंसुद्धा नाही.

ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. आत नेण्याआधी नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. अक्का म्हणाली, "काडनार न्हाय. काडायचंच आसंल तर आदी मला काडा." बरीच घासाघीस झाली. शेवटी एका म्हाताऱ्या नर्सने लिंगाची डबी तिच्या उजव्या तळहातात ठेवली आणि वरून मूठ बँडेजने बांधली. तशी मूठ बांधूनच ती आत गेली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी मूठ पाहिली, मग छाती. दोन दिवस मूठ सोडू दिली नाही. तिसऱ्या दिवशी डबी पुन्हा गळ्यात बांधायला मला सांगितलं आणि ती जिथे टेकली तिथे हात फिरवून म्हणाली, "चला. द्येवाला बसाया सपाट जागा झाली." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. निदान दोन वर्षं, मग पुढचं पुढे. डॉक्टर समजावणारे होते. हा रोग बाईच्याच अंगातल्या एका रसावर पोसतो, म्हणाले. ही गोळी तो रस रोगापर्यंत पोचू देत नाही.

"मंजी वैरन तोडायची," अक्का म्हणाली.

डॉक्टर हसले. "तसंच. एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

"आमच्याकडं वैरन आपसुक तुटती, डाक्टरसायेब. गोळीचं काय घिऊन बसलाव."

परतीच्या एसटीत तिने मला शपथ घातली. गावात सांगायचं मूतखडा होता. "क्यान्सर म्हनलं की लोकं ताटवाटी येगळी करत्यात. माजी करू द्या, मला काय न्हाय. पन माज्या हातात गावाचं दूध हाय, बाई. आन् दुखनं कुटलं, तर छातीचं. एक बाई म्हनली की हिच्या हातचं नगं, की समदी भट्टीवर जातील." मी म्हणाले, हा रोग शिवून लागत नाही. "तुमाला म्हाईत हाय. गावाला कोन सांगनार?" मी सांगेन म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुखत नाही म्हणजे काही नाही असं सांगणारी बाई मी; गावाला समजावणं तिने माझ्यावर सोपवावं तरी कसं?

तर मूतखडा ठरला. दर महिन्याला मी सोलापूरला घरी जायची, येताना गोळ्या आणायची. सकाळची गोळी ती पूजेनंतर लिंगाच्या तीर्थाबरोबर घ्यायची, त्यामुळे ती चुकणं शक्यच नव्हतं. संध्याकाळची संध्याकाळच्या दुधानंतर. गोळीने वैरण तोडली खरी, पण तिचेही हाल केले. सांधे धरायचे. भर बोलण्यात एकदम चेहरा लाल व्हायचा, घामाच्या धारा लागायच्या. मार्गशीर्षातल्या पहाटे, सगळं गाव घोंगडी पांघरून रांगेत उभं असताना, अक्का पावतीपुस्तकाने वारा घ्यायची. "आतून चूल पेटतीया," मला हळूच म्हणायची, "आन् वर तवा बी न्हाय. फुकट जाळ."

तिच्या शेजारी भिंतीला भिंत लावून सुगला राहायची, मल्हारीची बायको. सुगला वाईट नव्हती, पण एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला सांगेपर्यंत तिला जेवण जायचं नाही. ती एकदा विरजण मागायला आली आणि देवळीत गोळ्यांची पट्टी पाहून गेली. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई गावातल्या बायकांना पाळणा लांबवायच्या गोळ्या वाटायच्या. सुगलाने स्वतः त्या वर्षभर घेतलेल्या. तशीच बारीक पांढरी गोळी, तशीच पट्टी, तशीच रोजच्या रोज. दुसरी असली गोळी गावाने पाहिलेलीच नव्हती. ताप-खोकल्याच्या गोळ्या चार दिवसांत संपतात. वर्ष वर्ष कोण कशाला गोळी खाईल? आणि विधवा बाईला ती कशाला लागेल?

आठवड्यात गावभर झालं. आता माणूस शोधायचा राहिला, तोही सापडला. दूध न्यायला पहाटे शीतकेंद्राचा टेम्पो यायचा. त्याचा ड्रायव्हर सिद्राम. टेम्पो आला की अक्काला घाम फुटतो, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी हे ऐकलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. अक्काला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "कोन, सिद्राम? त्येला टेम्पो सुरू करायला दोगं ढकलाया लागत्यात," आणि हसली. मग तशीच चुलीपुढे बसून राहिली. भाकरी करपली तरी उठली नाही.

ते वर्ष पुन्हा कोरडं गेलं होतं. विहिरींचे तळ दिसत होते, ज्वारी करपून गेली होती, आणि ढोकीच्या साखर कारखान्याकडून गुरांना घालायला उसाचं वाढं आणायला लोक बैलगाड्या जुंपून जात होते. घरोघरी दुधाचे तेवढे पैसे येत. अशात डेअरीची वार्षिक सभा भरली. गावात कुठलीही सभा असो, इतिवृत्त लिहायला मास्तर लागतो. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. गुरुनाथ मालकांनी दुष्काळावर बोलून घेतलं, सहकारावर बोलून घेतलं, आणि मग म्हणाले, "संस्थेच्या सचिवावर कुनी बोट दावू नये, आसं आपल्याला वाटतंय. नाव कुनाचं घेत न्हाय. पर आयाबहिनी दूध घिऊन येत्यात."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी अक्काकडे पाहिलं. आदल्या रात्री मी तिच्याशी भांडले होते, खरं काय ते सांगून टाका म्हणून. तिने एवढंच म्हटलं होतं, "चालीवरनं बोलले तर माजं एकलीचं जातंय. दुकन्याचं कळलं तर दूध जातंय. औंदा दूध गेलं तर पोरं काय खातील?"

ती उठली. कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "लॅक्टोमीटर धुऊन ठिवलाय," म्हणाली. "काचंचा हाय. जपून वापरा." आणि गेली.

मालकांनी मला मजकूर सांगितला: सचिवांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. सभ्यपणा म्हणून सुचलेलं वाक्य होतं ते. त्या सभेत बोललं गेलेलं तेवढंच एक खरं, हे मालकांना ठाऊक नव्हतं. ते मी माझ्या हाताने लिहिलं. सचिव म्हणून मालकांचा मुलगा बसू याला नेमलं.

पुढच्या महिन्यात मी गोळ्या आणल्या तेव्हा आधीची पट्टी तशीच होती. आठ दिवसांच्या गोळ्या जागच्या जागी.

"जिच्या पायी अब्रू गेली ती पोटात कशाला घालू?" अक्का म्हणाली.

मी ओरडले, रडले, डॉक्टरांचं नाव घेतलं, तिच्या मुलीचं घेतलं. तिने ऐकून घेतलं आणि कूस बदलून झोपली. सकाळी पूजा आटोपल्यावर तिने मला हाक मारली. तिच्या एका हातात तीर्थाची वाटी होती, दुसऱ्यात गोळी.

"रातभर इचार केला, बाई. वैरन घातली तर त्यो पुन्ना उटून बसनार. आन् म्या मेले तर गुरुनाथ म्हननार, बगा, पापाचं फळ. त्येला एवडा आनंद द्यायचा न्हाय." आणि गोळी गिळली.

कुणी देवासाठी जगतं, कुणी लेकरांसाठी. गौराक्का काही काळ निव्वळ गुरुनाथ मालकांच्या नाकावर टिच्चून जगली, आणि त्या जिद्दीने गोळीची एकही वेळ चुकली नाही. दोन वर्षं संपली तेव्हा डॉक्टरांनी आणखी वाढवली. ती आता बाकीच्यांसारखी किटली घेऊन रांगेत उभी राहायची, बसूच्या हाताने दूध मोजून घ्यायची. पहिल्या दिवशी बसूने घाईघाईत लॅक्टोमीटर आपटला तेव्हा तिने रांगेतूनच सांगितलं, "दूध आदी निवू दे, लेकरा. कोमट दुदाची डिग्री खोटी येती." बसू कानापर्यंत लाल झाला, पण त्या दिवसापासून तो थांबायला शिकला. पोरगा बापावर गेला नव्हता.

वर्ष गेलं. माझी बदलीची ऑर्डर आली होती आणि मी सामान आवरत होते, तेव्हा एका दुपारी सुगला आली. सभेनंतर ती आमच्या उंबऱ्याला शिवली नव्हती. चेहरा उतरलेला, पदर अंगाभोवती गच्च आवळलेला. माझ्याकडे न बघता ती सरळ आत अक्काकडे गेली. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, मला गाठ आलीया. छातीत. चार म्हयनं झालं. ह्यांनी एकाकडनं पाला बांधला, तरी वाडालीया."

दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मग अक्का एवढंच म्हणाली, "ह्ये बग." मग सुगलाचं रडणं ऐकू आलं, आधी तोंड दाबून, मग मोकळं. "अक्का, म्या काय केलं हो. म्या काय बोलले." तेच तेच.

कडी निघाली. अक्का चोळीची गाठ मारत बाहेर आली. "रडून झालं का? उद्याच्या गाडीनं सोलापूर. मल्हारीला सांग."

मल्हारी ऐकेना. त्याच्या चुलतीला हेच झालं होतं आणि ती गेली होती. "क्यान्सर म्हंजी मयतच. कापाकापी करून बी मरनारच. आन् घरात लेकरं हाईत, त्येंला लागंल. त्यापरीस पाला बरा." अक्काने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. अक्काच्या दुखण्याची गोष्ट सांगायला सुगलाने तोंड उघडलं तर तो म्हणाला, तिचं ऐकू नगं, तिच्या गोळ्या कसल्या त्या गावाला म्हाईत हाईत. गोळ्यांची ती आवई उठवणारीही सुगलाच होती. आता ती काय बोलणार?

त्या संध्याकाळी दुधाच्या वेळेला सगळं गाव डेअरीपुढे होतं. अक्का रांगेतून बाहेर आली आणि ओटा चढली. राजीनाम्यानंतर पहिल्यांदाच. तिने आवाज चढवला नाही.

"मला मूतखडा न्हवता. छातीचा क्यान्सर व्हता. डावी बाजू काडून टाकलीया. तीन वर्सं झाली. गोळ्या खाते त्या त्येच्याच हाईत. आज बी खाल्लीया, उद्या बी खानार. मल्हारी, म्या मेले का? माज्या घरात ऱ्हानाऱ्या बाईला काय झालं का? ह्या बगा, हुब्या हाईत. आता बायकूला सोलापूरला नेतोस का न्हाय, त्येवडं सांग."

मल्हारीने खाली मान घालून "व्हय" म्हटलं.

सकाळी तो सुगलाला घेऊन पहिल्या एसटीने गेला. आणि त्याच सकाळी अक्काला जी भीती होती ती खरी झाली. तिने किटली पुढे केली तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "बसू, तिचं येगळं ठिव." दुसरी म्हणाली, "येगळं काय, नगंच." रस्त्याच्या पलीकडे भट्टीचा माणूस रिकामे कॅन घेऊन उभाच होता. बसूच्या हातात माप तसंच राहिलं. अक्काने किटलीचं झाकण लावलं. "ऱ्हाऊ दे, लेकरा. घरी नेते." तीन दिवस असंच झालं. ती यायची, रांगेत उभी राहायची, आणि दूध परत न्यायची. रेडकू पिऊन पिऊन बेजार झालं. मी म्हणाले, नका जाऊ. "गेले न्हाय तर लोक म्हनतील तिला बी पटलं," ती म्हणाली.

पुढे गौराक्का कितीतरी वर्षं जगली. सुगलाही. मला पत्रं येत, अक्का सांगायची आणि शाळेतलं कुणीतरी लिहायचं; त्यात डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्याचं आलं, नातवाच्या लग्नाचं आलं. पण मी तिला डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते चौथ्या दिवशी सकाळी. माझी ट्रंक आणि वळकटी रस्त्याकडेला ठेवलेली, एसटी यायची होती, आणि समोर डेअरीची रांग.

मल्हारी आदल्या संध्याकाळी सोलापूरहून परतला होता. सुगलाचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हशीसाठी आणि लेकरांसाठी तो दोन दिवस आला होता. तो अक्काच्या मागे उभा होता. अक्काची पाळी आली. बसूने बापाकडे पाहिलं. मालक खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून होते.

"अक्का, किटली द्या हिकडं," मल्हारी म्हणाला.

तिला वाटलं धरायला मागतोय. तिने दिली. मल्हारीने आपल्या किटलीचं झाकण काढलं आणि तिचं दूध आपल्या दुधात ओतलं. शेवटचा थेंब निथळेपर्यंत किटली पालथी धरून उभा राहिला. मग आपली किटली बसूपुढे ठेवली. "मोज," म्हणाला. "आता ह्यातलं तिचं कुटलं आन् माजं कुटलं, कुनाला येगळं करायचं आसंल त्येनं करावं."

अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पदराने पुसलं नाही, आणि त्या अवस्थेतही तिच्याच्याने राहवलं नाही.

"मल्हारी, दोगांचं दूध एका मापात घेत नसत्यात. न्हेम हाय."

"आज घितो, अक्का," बसू म्हणाला.

त्याने दूध निवेपर्यंत थांबून लॅक्टोमीटर सोडला, वाकून आकडा वाचला, आणि किटली उचलून सगळं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं. एसटी येऊन उभी राहिली होती. कंडक्टरने माझी ट्रंक टपावर चढवली. मी पायरीवर उभी राहून बघत होते. रांगेतली पुढची बाई, तीच जी पहिल्या दिवशी "नगंच" म्हणाली होती, तिने आपल्या किटलीकडे पाहिलं, पलीकडच्या भट्टीच्या माणसाकडे पाहिलं. गौराक्का आपली रिकामी किटली घेऊन बाजूला झाली आणि तिला जागा करून दिली. ती बाई एक पाऊल पुढे सरकली.